पाचशे मैल आणि येरळेचं पाणी

"झाली का सुरू? बरी घुमतीय की," आक्का मागच्या सीटवरून म्हणाली.

गाडी सुरू झाली नव्हती. होणारही नव्हती. तिचं सगळं तेल खाली घमेल्यात काढलेलं होतं आणि सुभेदार, म्हणजे माझे यजमान, गाडीखाली उताणे पडून शेवटचा थेंब गळायची वाट बघत होते. येरळा नदीच्या ऐन पात्रात, भर दुपारी, गाडी वाळूत उभी. मी चाकं पुसत होते. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून तिचे कान आमच्या दोघांच्या आधी पोचायचे. ती म्हणाली म्हणून मी कान दिला. घूं घूं आवाज होता खरा, पण तो गाडीतून येत नव्हता. वरच्या अंगानं, नदीच्या वळणामागून येत होता.

मी उभी राहिले. वळणावर तांबडी रेघ दिसली. रेघ रुंद होत होती आणि तिच्यापुढं पाचट, काटक्या, वाळलेलं शेण असला केर लोटत येत होता.

"आवं, बाहेर या. पाणी आलं," मी म्हणाले.

"थांब. अजून गळतंय," गाडीखालून उत्तर आलं.

आमच्या डोक्यावर आभाळ कोरडं होतं. पाऊस पडला होता तो वर खटावाकडं, वळवाचा. येरळेला तेवढा पुरतो.

पाण्याचं पुढं काय झालं ते सांगते. पण आधी गाडी नदीत कशाला होती ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की आम्ही मुळातच खुळे. तसं नव्हतं. आम्ही टप्प्याटप्प्यानं खुळे होत गेलो.

घर ते विटा

लढाई संपून दुसरा उन्हाळा होता. थोरला मुलगा फौजेत, मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात साहेब. त्यानं नवी मोटार घेतली, मुंबईहून चालवत कऱ्हाडजवळ आमच्या गावी आणली, आणि रजा संपली म्हणून बापाच्या ताब्यात देऊन निघून गेला. जाताना बजावून गेला. पाचशे मैल होईस्तोवर वेगाचा काटा तिसाच्या वर न्यायचा नाही. गाडी उभी ठेवायची नाही, चालवत राहायची. आणि पाचशे झाले की लगेच तेल बदलायचं, कारण नव्या इंजिनात लोखंडाचा कीस पडतो. पावसाळ्यात तो पुन्हा येणार होता आणि तोवर त्याला गाडी चांगली मुरलेली हवी होती.

सुभेदारांनी पहिल्या लढाईत बसऱ्याला लॉरी चालवलेली. पेन्शनीत आल्यापासून त्यांना हुकूम देणारं कोणी उरलं नव्हतं. मी होते, पण माझा हुकूम ते धरत नाहीत. मुलाचे हुकूम मिळाले आणि माणूस एकदम तरणा झाला. पहाटे उठून गाडीला पाणी, मग चाकांत हवा, मग तेलाची सळी काढून माझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्याला पुसायची आणि उजेडात धरून बघायची. ते झालं की चहा. आमच्या खिलार जोडीला एवढं कौतुक कधी मिळालं नव्हतं. बैल बिचारे गोठ्यातून बघत असायचे.

मैल घालायचे तर जायचं कुठं? पेट्रोल कुपनावर, उगाच हिंडायची सोय नाही. तेव्हा मीच म्हणाले, आक्काला मिरजेला नेऊ या.

आक्का विट्याच्या पलीकडं, माणदेशाच्या तोंडाशी दिलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगे शेती आणि मेंढरं बघतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोर धरलेली बोटंही मोजता येईनात. मिरजेच्या दवाखान्यात डोळे करतात हे तिला ठाऊक होतं. ती दोनदा निघाली आणि दोनदा अर्ध्या वाटेतून परत आली. एकदा बसमध्ये ओकली म्हणून, एकदा मांजर आडवं गेलं म्हणून. ते मांजर हिला दिसलं कसं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. विट्याच्या डॉक्टरनं तिच्या मुलाला स्पष्ट सांगितलं होतं की पावसाळ्याआधी डोळा केला तर दिसेल, आणखी पिकला तर हातचा गेला. आणि मुलानं आईला स्पष्ट सांगितलं होतं की तिसऱ्यांदा माघारी आलीस तर मी पुन्हा निघणार नाही. म्हणजे हा उन्हाळा शेवटचा होता. आक्काला मिरजेत पोचवायचं, आणि परत फिरू द्यायचं नाही, एवढं माझं काम.

आम्ही निघालो. तिसाचा हुकूम होता तिथं सुभेदारांनी विसाचा केला, काटा चुकूनही वर जायला नको म्हणून. एक सायकलवाला आमच्या बरोबर होता. उताराला तो पुढं, चढाला आम्ही पुढं. असं होत होत ओळख झाली. तो विट्याच्या बाजारला निघालेला कासार होता, मागं बांगड्यांचा डबा बांधलेला. एका झाडाखाली आम्ही तिघं पाणी प्यायला थांबलो तेव्हा त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि सुभेदारांना अदबीनं विचारलं, "आजारी हाय का जी मोटार?"

सुभेदारांनी त्याला पाचशे मैलांचं सगळं शास्त्र समजावून दिलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे ओली बाळंतीण म्हणायची." आणि पुढं निघून गेला. मला ते पटलं. सुभेदारांना नाही पटलं.

वाटेत येरळा लागली. तेव्हा ती नावाला नदी होती. सगळी वाळू, आणि मधून घोटाभर पाण्याची एक धार. बैलगाड्यांची चाकं रुतू नयेत म्हणून वाळूवर पाचट अंथरलेलं. आम्ही पार झालो ते कळलंही नाही.

विट्याला सुभेदारांच्या मावसबहिणीकडं मुक्काम केला. तिथले पुरुष सोनं गाळायच्या धंद्याला मद्रासला असतात आणि वर्षातून एकदा घरी येतात. घरात बायकांचं राज्य. आम्हाला चहाऐवजी कॉफी मिळाली, पितळी भांड्यातून उंच ओतून फेस आणलेली. मद्रासला असंच पितात म्हणे. मला ती जळक्या भाकरीच्या पाण्यासारखी लागली, पण फेस चांगला होता.

रात्री जेवताना वन्संनी मला विचारलं, "वैनी, दादा रोजच घरी असत्यात?"

"रोज," मी म्हणाले.

"बारा म्हैनं?"

"व्हय."

त्यांनी माझ्या ताटात आणखी तूप वाढलं. कीव आली असावी.

आक्काचं गाव

कृष्णाकाठच्या माणसानं या भागात उन्हाळ्यात एकदा जाऊन यावं. आमच्याकडं पाणी पाटातून वाहतं आणि आम्ही त्यावर पाय ठेवून जातो. इथं पाणी झाकून ठेवतात. आक्काच्या गावात विहिरीवर बायका बसून असतात, झरा पाझरेल तशी वाटीनं घागर भरतात. भाकरी बाजरीची, बरोबर हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. आम्ही ज्वारी खाणारी माणसं, बाजरी घशाखाली उतरायला एक घास जातो, मग उतरते. दुसऱ्या दिवशी मुलांनी बकरं कापलं. तेवढं गोड आणि लुसलुशीत मटण आमच्या ऊस खाऊन फुगलेल्या मुलखात मिळत नाही, हे कबूल करते.

गाडीचं स्वागत दणक्यात झालं. आक्काच्या थोरल्या सुनेनं गाडीला ओवाळलं, चारी दारांवर हळदीचे हात उमटवले आणि पुढच्या लोखंडी पट्टीवर नारळ फोडला. नारळ फुटला आणि पट्टीला पोचा आला. सुभेदारांचं तोंड मी बघितलं. बसऱ्याला तोफ उडाली तरी असं झालं नसेल. पण पाहुण्याच्या घरी बोलता येत नाही. त्यांनी पदरचा रुमाल काढून पोचा पुसला. पोचा पुसून जात नाही हे त्यांना पुसल्यावर कळलं.

मग त्यांनी चूक केली. गाडी धुळीनं माखली होती, म्हणून सुनेकडं दोन घागरी पाणी मागितलं. धुवायला.

सून मर्यादेची आहे. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "मामा, आमी तोंड धुतलेलं पाणी कोथमिरीला घालतो. तुमाला पायजेल तर कोथमिरीची जुडी देते, तिनं पुसा."

सुभेदार पुन्हा पाण्याचं नाव काढू शकले नाहीत. तिथं असेतोवर रोज पहाटे उठायचे, गाडीकडं जायचे, धुळीवर बोट ओढून बघायचे आणि परत यायचे. झोप लागत नसावी.

दुसरी गोष्ट अशी की गावातल्या झाडून सगळ्यांना गाडीत बसायचं होतं. सुभेदार हरखले. मैल आपोआप भरणार. देवळापासून माळापर्यंत, माळापासून देवळापर्यंत, दिवसभर खेपा. म्हाताऱ्या बसल्या, लेकुरवाळ्या बसल्या, एक जण बकरीलाही मोटार दाखवायची म्हणून तिला घेऊन आला, त्याला मात्र नाही म्हणाले. त्यांचा हिशोब असा होता की पाचशे मैल सांगलीत पुरे होतील, तिथं मोटारींचं दुकान आहे, तेल तिथं बदलायचं. या खेपांत तो हिशोब मोडला. ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही, माझ्याही.

निघताना आक्का पुढच्या ओट्यावर बसून राहिली. मिश्रीचं बोट दातावरून फिरवत म्हणाली की मोटारीत ओकारी येते. मी म्हणाले, या मोटारीत येणार नाही, ही बैलगाडीपेक्षा हळू चालते. ते ऐकून उठली.

पण आणखी एक भानगड होती. नव्या इंजिनावर चढाला जोर पडू द्यायचा नाही, म्हणून चढ आला की सुभेदार आम्हाला खाली उतरवत. गाडी रिकामी चढायची, वर जाऊन थांबायची, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या मागून हात धरून चालत यायचं. त्या मुलखात रस्ता वर तरी जातो नाहीतर खाली तरी. तिसऱ्या का चौथ्या चढाला आक्काचा अंगठा दगडावर आपटला. रक्त आलं. गाडीत बसून तिनं पदरानं अंगठा बांधला आणि सांगितलं, "हौसे, आता मिरजंशिवाय मी खाली पाय ठेवायची न्हाई. दाजींना सांगून ठेव." अंगठा दुखावलेल्या बाईशी कोण बोलणार? पुढच्या चढांना मी एकटी उतरले.

विट्याहून सांगलीला तासगाववरून सरळ रस्ता आहे. त्या रस्त्याला येरळा ओलांडावी लागत नाही. सुभेदार म्हणाले, कडेगाव, कुंडल करून जाऊ, मैल जास्त भरतील. मी हो म्हणाले. मला कुंडलला भाची भेटली असती.

येरळा

नदीत उतरलो तेव्हा सुभेदारांची नजर मैलांच्या काट्यावर गेली आणि त्यांनी ब्रेक दाबला. पाचशे झाले होते.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल, अलीकडं का पलीकडं, काठावर थांबावं. पण हुकूम म्हणजे हुकूम. त्यात इंजिन गरम असताना तेल नीट गळतं, ही बसऱ्याची शिकवण. आणि त्याहून मोठं म्हणजे समोर पाणी दिसत होतं. घोटाभर का होईना, वाहतं पाणी, कोणाच्या बापाचं नाही. आमच्याकडं बैल धुवायचा तर नदीत नेऊनच धुतात. घरी घागरीनं धुतला तर लोक हसतील. सुभेदारांचा जन्म त्यात गेलेला. त्यांनी गाडी पाचटाच्या वाटेवरून बाजूला घेतली, धारेच्या कडेला घट्ट वाळू बघून उभी केली, धोतर खोचलं, आणि गाडीची पाठ थोपटून पाणी मारायला लागले. मीही पदर बांधला. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यात नदीत मोटार धुवायचा धडा नव्हता, पण बैल मी पुष्कळ धुतलेत.

गाडी लख्ख झाली. हळदीचे हात मात्र गेले नाहीत. मग तेल काढायला ते खाली शिरले. आणि मग आक्का म्हणाली, बरी घुमतीय.

सुभेदार शेवटी बाहेर आले, हातात तेलाच्या भोकाचं बूच. त्यांनी पाण्याकडं बघितलं, मग नव्या तेलाच्या डब्याकडं बघितलं. मी चाळीस वर्षं त्यांची बायको आहे, त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला वाचता येतं. बूच लावू, तेल ओतू, गाडी सुरू करू.

"तेवढ्यात हुतंय," ते म्हणाले.

"न्हाई हुत," मी म्हणाले आणि मागचं दार उघडलं. "आक्का, उतर. नदीला पाणी आलंय."

"चढ आला म्हण की."

"चढ न्हाई. पाणी हाय."

"सकाळधरनं हेच चाललंय तुमचं. मिरज आल्याबिगर मी उतरत न्हाई." तिनं पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"आईची शपथ घालते, आक्का."

"आई मरून तीस वर्सं झाली. तिला आता काय हुतंय शपथंनं?"

पाणी माझ्या घोट्याला लागलं. गार होतं. मघाची धार गार नव्हती. पुढच्या दमाला ते पोटरीपर्यंत आलं, आणि त्याबरोबर पायाखालची वाळू सरकायला लागली. आक्काला ओढायला मी आत वाकले, पण ती हाडापेरानं माझ्या दुप्पट. हलेना.

खालच्या अंगाला एक धनगर मेंढरं पाण्यावर घेऊन आलेला होता. येताना आम्ही त्याला बघितलं होतं. त्याचं नाव म्हाकू, हे नंतर कळलं. तो ओरडत पळत आला. काय ओरडत होता ते पाण्याच्या आवाजात कळलं नाही. त्यानं मला बाजूला केलं, आत वाकला, आक्काला काखेत धरून ओढली आणि मेंढरू घेतात तशी खांद्यावर आडवी घेतली. आक्कानं जन्मात एवढी बोंब मारली नसेल. गळ्यातली बोरमाळ मुठीत धरून ती चोर चोर म्हणत होती आणि दुसऱ्या मुठीनं त्याच्या पाठीत गुद्दे घालत होती. तो कडेगावच्या बाजूच्या काठाकडं निघाला, कारण तो जवळ होता. मी त्याच्या घोंगडीचं टोक धरलं. पाणी मांडीपर्यंत आलं. भिजलेलं लुगडं माणसाला खाली ओढतं, हे मला तेव्हा कळलं.

अर्ध्यावर मी मागं बघितलं. सुभेदार गाडीजवळच उभे. एक हात तिच्या नाकाडावर, बिथरलेल्या बैलाला धरतात तसा.

मी ओरडले, "पोराला काय सांगू? मोटार ऱ्हायली आन् बाप गेला म्हणून?"

माझ्या बोलण्यानं ते निघाले असं मी म्हणणार नाही. गाडी त्यांच्या हाताखाली हलली, तेव्हा निघाले. पण मध्येच खड्डा लागून पडले आणि पाण्याखाली गेले. फेटा तेवढा वर दिसत होता.

म्हाकूनं आक्काला काठावर ठेवलं आणि तो परत पाण्यात शिरला. काठी पुढं केली, ती सुभेदारांना धरता आली नाही. मग त्यानं फेट्याला हात घातला. फेटा सुटत गेला, लांबत गेला, आणि त्याच्या शेवटाला सुभेदार निघाले. काठावर त्यांनी पोटातलं पाणी ओकून टाकलं आणि मूठ उघडली. बूच मुठीत होतं.

गाडी गुळाच्या काहिलीसारखी तरंगत गेली, एकदा गोल फिरली, आणि खाली बाभळीच्या बुडख्याला जाऊन अडकली.

म्हाकू खाली त्याच्या मेंढरांकडं पळत गेला. आम्ही गाडीकडं बघत बसलो.

आक्का चिखलात मांडी घालून बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "मला घरी न्या."

मला याचीच भीती होती. ती एकदा घरी गेली असती तर डोळा संपला असता. मी म्हणाले, "घर त्या काठाला हाय."

"आन् आपण?"

"ह्या."

ती पाण्याचा आवाज ऐकत बसली. आवाज मोठा होता.

"मग ह्या अंगाला काय हाय?"

"मिरज."

मिश्रीची डबी पाण्यात गेल्याचं तिला तेव्हाच कळलं आणि ती त्या दुःखाला लागली.

वाडी आणि मिरज

वळवाचं पाणी जसं येतं तसं जातं. दिवस मावळायच्या आत नदी गुडघ्याएवढी झाली. जवळच्या वाडीतल्या लोकांनी दोन बैलजोड्या आणि मोटेचे सोल, म्हणजे जाड दोर, आणून गाडी बाहेर ओढली. आत चिखल, पाचट, आणि मागच्या सीटवर आक्का बसली होती तिथं एक बेडूक.

वाडीतल्या एका गोठ्यात सुभेदारांनी गाडी उघडली. मी त्यांना हसत असते, पण जे खरं ते खरं. त्यांनी एकेक भाग काढला, रॉकेलनं धुतला, फडक्यावर मांडला, पुसला, परत लावला. चाकांत ग्रीस भरलं. इंजिनात थोडं तेल घालून ते धुऊन काढलं आणि मग नवं भरलं. कोणाला हात लावू दिला नाही. जेवायला दोनदा हाक मारावी लागायची. नंतर एका दुपारी गाडी खोकली, ठसकली आणि चालू झाली. वाडीतल्या बायकांनी तिला ओवाळलं, पण नारळ सुभेदारांनी आधीच काढून घेतला होता.

तेव्हापासून ते सगळ्यांना सांगतात की नदीत तेल काढून ठेवलं होतं म्हणूनच गाडी वाचली. तेल असतं तर त्यांनी ती सुरू केली असती, चालत्या इंजिनानं पाणी ओढलं असतं आणि आतला दांडा वाकला असता. मुलगा रजेवर आला तेव्हा त्यालाही हेच सांगितलं. तो म्हणाला, बाबा, इंजिनाचं बरोबर आहे. नदीचं काय? सुभेदारांनी त्याला काट्यावरचे मैल दाखवले.

आम्ही पुढं गेलो. तेव्हा सांगली संस्थान होतं, हद्द लागली की रस्ता बरा व्हायचा. माधवनगरला गिरणीचा भोंगा झाला आणि आक्कानं माझा हात धरला. पाणी नाही, गिरणी आहे, असं तिला सांगावं लागलं. कोणत्याही घुमणाऱ्या आवाजाला ती आता उतरायला तयार होती.

मिरजेला डॉक्टरनं डोळा बघितला आणि वेळेवर आणलं म्हणाला. आधी एकच डोळा करायचं ठरलं. केल्यावर दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि हलायचं नाही. खोकायचं नाही, हसायचं नाही, मिश्री लावायची नाही. आक्का म्हणाली, वाळू इथंही आलीच.

सुभेदार हसवतात म्हणून नर्सबाईंनी त्यांना बाहेर काढलं. मग ते रोज सांगली-मिरज खेपा मारायचे, सांगलीच्या दुकानातल्या मोटारवाल्यांशी तेलावर वाद घालायचे, आणि संध्याकाळी येऊन दारातून मला मैल सांगायचे. मी आक्काला पेज पाजत बसायचे. कामाची वाटणी घरी असते तशीच.

पट्टी सुटली त्या दिवशी मी समोर उभी होते. आक्कानं डोळा मिचकावला, बारीक केला, माझ्याकडं बघत राहिली.

"हौसे, म्हातारी झालीस की गं," ती म्हणाली.

मी म्हणाले, "तुझ्यापेक्षा धाकटी हाय अजून."

परतीची वाट

मी तासगावच्या रस्त्यानं जायचं ठरवलं होतं. आक्का ऐकेना. ज्याला मारलं तो माणूस मला बघायचा आहे, म्हणाली. सांगलीच्या पेठेतून तिनं त्याच्यासाठी गुलाबी फेटा आणि भडंगाची पुरचुंडी घेतली. रंग तिनंच निवडला. बऱ्याच वर्षांनी रंग दिसत होता, तेव्हा जरा जास्तच गुलाबी निवडला.

जाड भिंगाचा चष्मा लावून ती सगळी वाट बाहेर बघत होती. रस्त्यावरच्या प्रत्येक झाडाचं नाव मला विचारायची आणि मी सांगायच्या आत स्वतःच सांगायची. गाडीकडं एकदाच नीट बघून म्हणाली, "हिच्यापायी एवढं? मला वाटलं लय मोठी आसंल."

येरळा पुन्हा कोरडी होती. या खेपेला गाडी काठावर थांबली आणि आम्ही पाचटावरून चालत गेलो. म्हाकू बाभळीखाली मेंढरं बसवून होता. पन्नाशीचा, काटक, दाढी वाढलेला. आक्का त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पाठीत लागलं का रं लय?" तिनं विचारलं.

"न्हाई. आमच्या म्हातारीचा हात जड हाय ह्यापरीस," तो म्हणाला.

तिनं फेटा दिला. त्यानं तो तिथंच बांधला. सुभेदारांनी त्याला गाडीत बसवून एक चक्कर मारायचं कबूल केलं, तो म्हणाला मेंढरं सोडून कुठं जाऊ. भडंग सगळ्यांनी मिळून खाल्ला. आक्का मेंढरं बघत होती. तिचा जन्म मेंढरांत गेलेला, तिला एका नजरेत कळतं.

"ह्या दोन मेंढ्यांची कोकरं कुठं हायती? व्यालेल्या दिसत्यात, पर सड आटलंय," ती म्हणाली.

म्हाकूनं भडंगाचा कागद घडी करून खिशात ठेवला. "गेली."

"कशानं?"

"पाण्यानं. धारंच्या कडंला हुती."

"कवा?"

"तवाच, आक्का. तुमाला काठाला ठिवलं आन् सुभेदारांसाठी परत गेलो, तवा."

सुभेदार म्हणाले, आम्हाला तेव्हाच का सांगितलं नाही. म्हाकू म्हणाला, तुम्ही गाडीकडं बघत होता.

त्या दिवशी येरळेतून आक्का बाहेर आली, सुभेदार आले, मी आले, म्हाकू आला आणि गाडी आली. म्हाकूची दोन कोकरं आली नाहीत.